यंदा नाटक नाही, असं ठरवणाऱ्या नाट्यसमितीस खुलं पत्र

प्रति,
नाट्यसमिती आणि कार्यकारिणी,
आपलं मराठी मंडळ, बॉस्टन परिसर

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव वर मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांच्या गावातही असं एक मंडळ असतंच.

गेल्या आठवड्यात तुमची मेल आली. दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा नाटक नसेल. मुंबईहून गायक येणार, अडीच तास गाणार, मग जेवण. कारण म्हणून तुम्ही ‘सध्याचं वातावरण’ लिहिलंय. कुणाची नोकरी गेली, कुणाचा व्हिसा अडकला, अशा दिवसांत लोकांना नाटक नको असतं म्हणे. वेढ्यातल्या बॉस्टनमध्ये इंग्रज फौजेने केलेल्या नाटकांवर मी एकांकिका लिहितोय. तिच्या पाठवलेल्या टिपणावर एकच ओळ आली: ‘विषय चांगला आहे, पण आपल्या प्रेक्षकांचा याच्याशी काय संबंध?’

मेलमध्ये नसलेलं कारण मात्र आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. धूप.

नवीन सभासदांसाठी सांगतो. तीन वर्षांपूर्वी भाड्याच्या शाळेच्या नाट्यगृहात आपलं विनोदी नाटक चालू होतं. दुसऱ्या अंकात मांत्रिक येतो. मांत्रिकाचं काम करणारे आपले दंतवैद्य मित्र हौसेने खराखुरा धूप घेऊन आले होते, आणि निखारे असे फुलवले की पहिल्या तीन रांगा खोकायला लागल्या. मी डाव्या विंगेत प्रॉम्प्टिंगला होतो. फायर अलार्म वाजला, भिंतीवरचे पांढरे दिवे लखलखायला लागले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या! मांत्रिकाने हात वर करून ‘आला, आला!’ अशी पदरची वाक्यं टाकली, तेव्हा टाळ्या वाढल्या. मग शाळेचा रखवालदार वॉकीटॉकी घेऊन थेट रंगमंचावर आला आणि सगळ्यांनी बाहेर पडा म्हणून ओरडू लागला. त्यालाही टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ‘वन्स मोअर’ म्हणालं. दोन बंब दारात येऊन उभे राहिले तेव्हा कुठे लोक उठले. पैठण्या आणि कुर्ते घातलेले साडेतीनशे लोक नोव्हेंबरच्या थंडीत पार्किंगमध्ये उभे, आणि मांत्रिक कपाळावरचा काळा रंग पुसायला पाणी मागत फिरतोय.

त्याचं बिल मंडळाने भरलं. तेव्हापासून आपल्याकडे नाटक म्हटलं की खजिनदारांचा चेहरा बदलतो. मी त्यांना दोष देत नाही. पण माझा विषय त्या रात्रीला इतका चिकटलेला आहे की ‘काय संबंध’ हे वाचून मला हसूच आलं. म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

आपण पाहुण्यांना फॅन्युइल हॉल दाखवायला नेतो. खाली बाजार, वर सभागृह, कळसावर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी नाकतोडा. स्वातंत्र्याचा पाळणा वगैरे माहिती देऊन आपण मागच्या क्विन्सी मार्केटमध्ये सूप प्यायला जातो. या सभागृहाचं काही महिने नाटकगृह झालं होतं, हे पाहुण्यांना सांगताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

अमेरिकी वसाहतींचं इंग्रजांविरुद्धचं बंड पेटलं, एप्रिल १७७५मध्ये बॉस्टनजवळच्या लेक्झिंग्टन आणि कॉनकॉर्डला गोळीबार झाला आणि इंग्रज फौज बॉस्टनमध्ये कोंडली गेली. तेव्हाचं बॉस्टन म्हणजे पाण्यात शिरलेलं एक बोट, जमिनीला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं. बाहेर बंडखोरांचा वेढा, आत लाल डगलेवाले आणि निघून जाऊ न शकलेले नागरिक. निम्म्याहून अधिक गाव रिकामं झालं होतं. जूनमध्ये बंकर हिलची लढाई इंग्रजांनी जिंकली खरी, पण एक हजाराहून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. हिवाळा आला तेव्हा खारवलेलं मांस, देवीची साथ आणि सरपणाची बोंब. जळणासाठी लाकडी घरं पाडली. एक आख्खं प्रार्थनागृह तोडून शेकोट्यांत घातलं. ओल्ड साउथ मीटिंग हाउसमधली बाकं उखडून, आत माती पसरून तिथे घोडदळाची रपेट सुरू केली. चहाच्या कराविरुद्ध सभा भरल्या होत्या त्याच जागेत.

आणि फॅन्युइल हॉलमध्ये नाटकं.

हे नुसतं मनोरंजन नव्हतं, बॉस्टनकरांना काढलेला तो चिमटाही होता. हे गाव प्युरिटनांचं, म्हणजे नाटकाला पाप मानणाऱ्या कडव्या ख्रिस्ती पंथाचं. १७५०पासून मॅसॅच्युसेट्समध्ये नाटकाला कायद्याने बंदी होती. जागा देणाऱ्याला वीस पौंड दंड आणि वीसहून जास्त माणसं जमली तर नटाला आणि प्रेक्षकालाही प्रत्येकी पाच पौंड. प्रेक्षकाला दंड! (खजिनदारांनी याची नोंद घेऊ नये.) त्याच गावात, ग्रामसभेच्याच दालनात, लष्करी अधिकाऱ्यांनी पडदा लावला. पुढाकार जनरल जॉन बर्गॉइनचा. हा गृहस्थ सेनापती म्हणून पुढे साराटोगाला शरण गेला, पण नाटककार म्हणून बरा होता. लंडनच्या ड्ररी लेन थिएटरात त्याचं नाटक १७७४मध्ये होऊन गेलं होतं.

डिसेंबर १७७५मध्ये त्यांनी ‘झारा’ केलं. व्हॉल्टेअरच्या फ्रेंच शोकांतिकेचं इंग्रजी रूप. जेरुसलेमचा सुलतान, त्याच्या महालात वाढलेली ख्रिस्ती मुलगी, असा मामला. उत्पन्न सैनिकांच्या विधवा आणि मुलांसाठी. प्रयोगात सामील असलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचं पत्र उपलब्ध आहे. दारावर शंभराहून जास्त पौंड जमले, असं तो लिहितो. बायकांची कामं तरुण मुलींनी केली आणि बॉस्टनच्या काही बायकांना ते शोभत नाही असं वाटलं, असंही लिहितो. (आपण हसायचं कारण नाही. बाईने रंगमंचावर यावं की नाही यावर आपल्याकडे विसाव्या शतकातही शाई खर्च झाली आहे.) पुढे तो म्हणतो की बरेच लोक आम्हाला नावं ठेवतात, यांना याहून चांगलं काही करता आलं नसतं का असं विचारतात. त्यावर त्याचं उत्तर असं, की आमचे सेनापती हाउ प्रशियाच्या राजाचा कित्ता गिरवतात. त्या राजाला म्हणे त्याच्या एका सरदाराने फौजेच्या हालअपेष्टांचं लांबलचक पत्र पाठवलं होतं आणि राजाने उलट टपाली एवढंच लिहिलं: आनंदात राहा, आणखी आनंदात राहा, कायम आनंदात राहा.

‘सध्याचं वातावरण’ हे कारण अडीचशे वर्षांपूर्वीही याच गावात दिलं गेलं होतं, एवढंच मला दाखवायचं होतं. राजाच्या उत्तराच्या बाजूने मी उभा आहे असं मात्र समजू नका. ते उत्तर मला उर्मट वाटतं. नाटक करणारे होते अधिकारी. खंदकात बर्फात पाय रोवून उभा असलेला साधा शिपाई त्या दालनात नव्हता. विधवांसाठी पैसे जमवले हे चांगलंच केलं, पण कुंपणाच्या फळ्या चोरणाऱ्या शिपायाला फटके मारणारी फौजही हीच. एकांकिकेत हा शिपाई यायलाच हवा. माझ्या कच्च्या खर्ड्यात तो दाराबाहेर पहाऱ्यावर आहे आणि आतल्या हशाचा आवाज ऐकतो आहे.

आता ‘संबंध’. ‘झारा’ची नांदी बर्गॉइनने लिहिली होती. ती म्हणायला जो पोरगा पडद्यापुढे आला तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. बंकर हिलवर त्याच्या टोपीतून दोन गोळ्या आरपार गेल्या होत्या, त्यामुळे गावात त्याचं नाव झालं होतं. फ्रान्सिस रॉडन. लॉर्ड रॉडन. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस आहे, फक्त दुसऱ्या नावाने. वयाबरोबर त्याच्या पदव्या वाढत गेल्या आणि १८१३मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज. १८१७-१८चं तिसरं इंग्रज-मराठा युद्ध त्याच्या कारकिर्दीतलं. पेशवाई बुडाली ती याच्या अमलात.

म्हणजे फॅन्युइल हॉलमध्ये नांदी म्हटली ती शनिवारवाड्यावर पडदा पाडणाऱ्याने. अजून कसला संबंध हवा?

तारखांचा खेळ आणखी एक. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तोही ५ नोव्हेंबरलाच, विष्णुदास भाव्यांच्या १८४३मधल्या सांगलीच्या ‘सीता स्वयंवर’ची आठवण म्हणून. यातून काही निष्पन्न होत नाही, मला ठाऊक आहे. पण दर वर्षी त्या दिवशी नटराजाच्या तसबिरीला हार घालताना माझ्या डोक्यात खडकीचा गणेशखिंडीकडचा माळ येतो, त्याला मी काय करू?

हौशी इंग्रजांच्या या सवयीचा धागा आपल्या मुंबईतही आहे. बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, अठराव्या शतकात त्यांनी वर्गणीतून नाटकगृह बांधलं आणि तिथे स्वतःच कामं केली. ते कर्जात गेलं आणि १८३५मध्ये विकावं लागलं. मग नाना शंकरशेटांनी जागा दिली, ग्रँट रोडवर नवं नाटकगृह १८४६मध्ये उभं राहिलं. १८५३मध्ये त्याच नाटकगृहात भाव्यांनी तिकीट लावून मराठी नाटक केलं. साहेबाने स्वतःच्या करमणुकीसाठी रुजवलेली गोष्ट आपण कधी आपली करून टाकली ते त्यालाही कळलं नसेल. एवढा इतिहास पुरे. मुख्य रात्र राहिली आहे.

८ जानेवारी १७७६. यंदाच्या जानेवारीत त्याला अडीचशे वर्षं झाली आणि आपल्या वार्तापत्रात त्या आठवड्यात तिळगुळाच्या वड्यांची कृती आली. असो.

त्या संध्याकाळी आधी सुझाना सेंटलिव्हरचं ‘द बिझी बॉडी’ झालं. त्यानंतर बर्गॉइनचा नवा फार्स होता: ‘द ब्लॉकेड ऑफ बॉस्टन’. वेढ्यात अडकलेल्या लोकांनी वेढ्यावरच केलेला फार्स! बर्गॉइन स्वतः डिसेंबरातच जहाजात बसून इंग्लंडला निघून गेला होता. नाटककाराने प्रयोगाला गैरहजर राहावं ही परंपरा जुनी दिसते. फार्समध्ये जॉर्ज वॉशिंग्टन होता. डोक्यावर भलामोठा टोप, कमरेला गंजलेली लांबलचक तलवार, चाल बेंगरूळ, आणि मागे सातआठ फुटी बंदूक सावरत येणारा खेडवळ नोकर. आपल्या जुन्या वगात परगावचा पाटील असा यायचा.

तेवढ्यात पलीकडे, चार्ल्स नदीच्या मुखापाशी, बंडखोरांचा मेजर नोल्टन आपली माणसं घेऊन अंधारात चार्ल्सटाउनमध्ये शिरला. ते गाव जूनच्या लढाईत जळलं होतं. उरलीसुरली काही घरं इंग्रज वापरत होते. नोल्टनने ती पेटवून दिली. बंकर हिलवरच्या इंग्रज ठाण्याने अंधारात गोळीबार सुरू केला.

फॅन्युइल हॉलमध्ये फार्सचा पडदा वर गेला होता. एक सार्जंट धावत रंगमंचावर आला आणि ओरडला की यांकींनी बंकर हिलवर हल्ला केलाय.

टाळ्या. हशा. काय झकास काम करतो हा! लोकांना वाटलं फार्स सुरू झाला. तसं वाटणारच. गणवेश खरा, चिखल खरा, धाप खरी. आणि वाक्यही फार्सला साजेसं. सार्जंट तिथेच उभा, पुन्हा पुन्हा तेच सांगतोय, आणि जितक्या कळकळीने सांगतोय तितक्या टाळ्या वाढतायत. अखेर अधिकाऱ्यांना आपापल्या ठाण्यावर जाण्याचा हुकूम झाला तेव्हा दालनाचं डोकं ठिकाणावर आलं. मग जी पळापळ झाली तिचं त्या काळातलं वर्णन असं: माणसं वादकांच्या जागेवरून उड्या मारतायत, व्हायोलिनं पायाखाली तुडवली जातायत, बायकांना भोवळ येतेय आणि नटमंडळी, जी सगळी अधिकारी होती, तोंडाचा रंग आणि काजळी धुवायला पाणी मागतायत.

आपले दंतवैद्य आठवले की नाही?

मी हे पहिल्यांदा वाचलं ते धुपाच्या प्रकरणानंतर चार महिन्यांनी, रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. मोठ्याने हसलो आणि मग जरा गप्प झालो. कारण आपल्या त्या रखवालदाराचा चेहरा डोळ्यांपुढे आला. साठीचा माणूस. तो खरं सांगत होता आणि साडेतीनशे शिकलेली माणसं त्याला दाद देत होती. नंतर पार्किंगमध्ये मी त्याची माफी मागायला गेलो तर म्हणाला, वीस वर्षांत मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हे विनोदाने म्हणाला की कसं, मला आजही ठरवता येत नाही.

त्या फार्सची संहिता आज उपलब्ध नाही. एकही प्रवेश नाही. आहे ती वॉशिंग्टनच्या टोपाची आणि तलवारीची वर्णनं, आणि सार्जंटची गोष्ट. नाटक गेलं, त्यात आलेला व्यत्यय तेवढा टिकला. मला वाटतं फार्स बेताचाच असणार. ज्याने तुम्हाला आठ महिने कोंडून ठेवलंय त्याच्या टोपाची टिंगल करण्यापलीकडे त्यात काही असेल असं वाटत नाही. बंडखोरांनी लगेच उलट फार्स छापला, ‘द ब्लॉकहेड्स’. त्यात घाबरलेले अधिकारी आहेत. तो मर्सी ओटिस वॉरनबाईंचा असावा असं पुष्कळदा म्हटलं जातं. आणि दोन महिन्यांत, मार्चमध्ये, बंडखोरांनी डॉर्चेस्टरच्या टेकडीवर रातोरात तोफा चढवल्या. १७ मार्चला इंग्रज फौज जहाजांत बसून निघून गेली. त्या तोफा तिकोंडरोगाहून बर्फातून ओढून आणणारा हेन्री नॉक्स मूळचा बॉस्टनचा पुस्तकविक्या. १७ मार्चची सुट्टी आपल्या काउंटीत अजून मिळते आणि आपण ती सेंट पॅट्रिकची समजून वापरतो.

समितीतल्या एका तरुण सभासदाने मला फोनवर विचारलं, ते मात्र टाळून चालणार नाही. ‘काका, वसाहतवाद्यांच्या सैन्याची हौस आपण का मिरवायची?’ बरोबर प्रश्न. मिरवायची नाहीच. ते दुसऱ्याच्या गावात बंदुकीच्या जोरावर राहत होते, गावकऱ्यांचं सभागृह बळकावून त्यात हसत होते. आपण भाडं भरतो, विमा काढतो, जाताना खुर्च्या घड्या करून ठेवतो. सारखेपणा आहे तो एवढाच, की परक्या हवेत, घरापासून हजारो मैलांवर, दिवसभर दुसरं काम करून संध्याकाळी तोंडाला रंग लावायचा आणि आपल्याच माणसांसमोर आपल्या भाषेत बोलायचं. ते सुख मला ओळखीचं आहे आणि ज्यांना ते मिळालं ती माणसं मला आवडत नाहीत. नाटक लिहावंसं वाटलं ते या अडचणीमुळेच. नुसते खलनायक असते तर मी लेख लिहून मोकळा झालो असतो.

पलीकडच्यांचीही गंमत पाहा. बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधी सभेने, १७७४मध्येच ठराव करून नाटकंबिटकं टाळा असं सांगितलं होतं, उधळपट्टी म्हणून. आणि मे १७७८मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत, उपासमारीचा हिवाळा नुकता सरलेला असताना, त्यांच्या अधिकाऱ्यांनी ‘केटो’ केलं. प्रेक्षकांत खुद्द वॉशिंग्टन. टोप बेताचा असावा.

तर माझी मागणी. चाळीस मिनिटं द्या. गायकाच्या आधी द्या, नंतर नको. नंतर लोकांचं लक्ष श्रीखंडाकडे असतं. एक दालन, एक पडदा, आठ माणसं. सगळा अवधी ‘झारा’च्या नांदीपासून सार्जंटच्या एंट्रीपर्यंतचा. नेपथ्याला माझ्या गॅरेजमधले दोन फ्लॅट चालतील. इंग्रज मराठीतच बोलतील. पुणेरी बोलतील की नागपुरी, यावर तालमीत भांडू. रॉडनसाठी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा मी हेरून ठेवलाय. त्याला अजून सांगितलेलं नाही की पुढे जाऊन तो पेशवाई बुडवणार आहे.

सार्जंटचं काम मात्र समितीतल्याच कुणीतरी करावं असं मला मनापासून वाटतं. शक्यतो सचिवांनी. त्यांनी दर वर्षी मध्यंतरात माइकवर येऊन निळ्या होंडाचे दिवे चालू आहेत असं सांगायचं आणि लोकांनी तिकडे दुर्लक्ष करायचं, ही तालीम गेली सात वर्षं चालूच आहे.

येत्या शनिवारी दुपारी चारला आमच्या बेसमेंटमध्ये पहिलं वाचन ठेवलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी वाचन होणार. चहा आणि भडंग आहे. बूट वर काढून या, खाली गालिचा आहे.

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर

ता. क. संहितेत आग आहे, पण ती नदीपलीकडे आहे आणि रंगमंचावर दिसत नाही. खजिनदारांना हे आवर्जून सांगावं. धूप, उदबत्ती, कापूर, मेणबत्ती, यातलं काहीही वापरणार नाही. चार्ल्सटाउनचा उजेड पडद्यामागून एका नारिंगी दिव्याने दाखवू. दिवा माझा, वायरही माझीच.